इंजिनिअरिंगची पदवी: 4,800 तासांचा हिशेब

इंजिनिअरिंगची पदवी मोजायची कशात? आईवडील म्हणतील चार वर्षांत. पोरं म्हणतील आठ सेमिस्टरमध्ये. विद्यापीठाचं नियमपुस्तक सांगेल 160 क्रेडिट. या तिन्ही उत्तरांच्या तळाशी खरं माप एकच आहे, ते म्हणजे तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका वर्षाचं शिक्षण 1,200 तासांचं धरलंय आणि त्याचे 40 क्रेडिट मिळतात. म्हणजे एका क्रेडिटमागे 30 तास आणि 160 क्रेडिटमागे 4,800 तास. वर्ग, प्रयोगशाळा, वर्कशॉप, घरचा अभ्यास, परीक्षा, सगळं यातच आलं.

4,800 तास म्हणजे दिवसरात्र न थांबता सलग 200 दिवस. रोज आठ तास बसलं तर 600 दिवस. चार वर्षांत एकूण 35,064 तास असतात, त्यातला सातवा हिस्साही पदवीला लागत नाही. एका विद्यार्थ्यापुरता हा आकडा आवाक्यातला वाटतो. पण 2024-25 या वर्षी देशात एआयसीटीईच्या मान्यतेच्या इंजिनिअरिंग पदवीच्या जागा जवळपास 15 लाख होत्या. त्या सगळ्या भरल्या आणि सगळ्यांनी पदवी पूर्ण केली, तर एकट्या बॅचचे तास होतात 720 कोटी. त्यांची वर्षं केली तर सव्वाआठ लाखांच्या आसपास जातात. दरवर्षी एक बॅच आत शिरते, आणि दरवर्षी हा देश आपल्या तरुणांची एवढी वर्षं या एका पदवीसाठी बाजूला काढायला तयार असतो.

आता हा हिशेब गोंदिया जिल्ह्यात आणून पाहू. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या ईशान्य टोकाला आहे. तालुके आठ आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 13,22,507. भात, जंगल, तलाव आणि हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन, ही त्याची ओळख. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि राज्यभर अशी कॉलेजं निघाली. गोंदियातही आज मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आमगाव, सालेकसा, तिरोडा, गोरेगावकडच्या पोरांनी गावाजवळ राहून इंजिनिअर व्हायचं म्हटलं, तर गोंदिया शहर गाठावंच लागतं.

क्रेडिटच्या हिशेबातली एक गोष्ट सहसा कुणी समजावून सांगत नाही. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्ग असतो. सेमिस्टर 15 आठवड्यांचं धरलं तर वर्गातले तास झाले 15. मग 30 मधले उरलेले 15 कुठे गेले? ते विद्यार्थ्याने घरी, वाचनालयात किंवा होस्टेलवर बसून भरायचे असतात. प्रॅक्टिकलचं गणित वेगळं आहे. तिथे आठवड्याला दोन तास उभं राहिलं की एक क्रेडिट मिळतो, म्हणजे तीसही तास टेबलासमोरच जातात.

वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब घ्या. माइल्ड स्टीलचा तुकडा वाइसमध्ये आवळायचा आणि कानस चालवायची. मग तुकडा काढून त्याला गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा आणि गुण्या व धातू यांच्या मधून उजेड येतो का ते पाहायचं. आला की परत वाइसमध्ये. काटकोन जुळेपर्यंत हेच चालतं. दोन तासांची पाळी संपते तेव्हा हात काळे झालेले असतात, कडेवरून फार तर मिलिमीटरभर धातू उतरलेला असतो आणि खात्यावर जमा झालेला असतो एका क्रेडिटचा पंधरावा भाग. पदवी अशा तुकड्यातुकड्याने जमते.

तरीही सगळ्यांची नजर असते परीक्षेवर. सेमिस्टरला पाच पेपर धरले तर आठ सेमिस्टरचे 40 होतात. प्रत्येक पेपर तीन तासांचा धरला तर परीक्षा हॉलमधले तास झाले 120. म्हणजे 4,800 चा चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के! ज्या अडीच टक्क्यांच्या भीतीने घरची झोप उडते, ज्यात बॅक लागली की पोरगं तोंड लपवतं, त्याच्यामागे साडेसत्त्याण्णव टक्के काम उभं असतं. ते झालं असेल तर पेपर जड जात नाही. ते झालं नसेल, तर आदल्या रात्रीच्या गाइडने भरून निघणारं ते खिंडार नसतं.

हजेरीचा नियमही आकड्यांत वेगळाच दिसतो. सेमिस्टरला साधारण 90 शिकवण्याचे दिवस म्हणजे वर्षाला 180 आणि चार वर्षांत 720. हजेरी 75 टक्के लागते, म्हणजे चार वर्षांत गैरहजेरीची मुभा आहे 180 दिवसांची. हे बरोबर एक अख्खं शैक्षणिक वर्ष झालं. नियमाच्या चौकटीत राहून, एकदाही डिटेन न होता, चार वर्षांची पदवी कुणी तीन वर्षांच्या हजेरीत घेऊ शकतो.

गोंदियाच्या पोरांचा कस लागतो तो यापुढच्या आकड्यांत. सालेकसा ते गोंदिया हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन 80 आणि 720 दिवसांचे 57,600 किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर 40,075 किलोमीटर आहे. सालेकशाहून रोज ये-जा करणारी मुलगी पदवी हाती पडेपर्यंत पृथ्वीला जवळपास दीड फेरी मारून आलेली असते. घरून स्टेशन, गाडीची वाट, प्रवास आणि गोंदिया स्टेशनहून कॉलेज असा एका बाजूला दीड तास धरला तर दिवसाचे तीन तास आणि चार वर्षांत 2,160. तीस तासांचा एक क्रेडिट या दराने हे होतात 72 क्रेडिट. पदवीच्या 45 टक्के इतका वेळ तिने दिला आणि गुणपत्रिकेत त्याचं कुठेही नाव नाही.

हे तास जातात नेमके कुठून? वर्गातले जात नाहीत, प्रॅक्टिकलचेही नाहीत, कारण तिथे हजेरी लागते. ते जातात थिअरीच्या त्या उरलेल्या 15 तासांतून. 160 पैकी 100 क्रेडिट थिअरीचे धरले तर घरच्या अभ्यासाचे तास होतात 1,500, आणि प्रवासाचे 2,160. संध्याकाळी घरी पोचल्यावर वीज, स्वयंपाक, धाकट्या भावंडांचा अभ्यास, रोवणीच्या दिवसांत बांधीवरची कामं. हुशारीत ही मुलगी शहरातल्या मुलीपेक्षा तसूभर कमी नसते. तिच्या दिवसात तास कमी असतात.

दुसरी तफावत निवडीची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने इंजिनिअरिंगसाठी 160 ते 176 क्रेडिटची रचना ठरवली आहे. तीत मल्टिडिसिप्लिनरी मायनरचे 14, ओपन इलेक्टिव्हचे 8, प्रकल्पाचे 4 आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे 12 क्रेडिट आहेत. समजा शाखेतले पाच इलेक्टिव्ह, प्रत्येकाला चार पर्याय. मायनरला पाच पर्याय. ओपन इलेक्टिव्हचे तीन पेपर, प्रत्येकाला पाच पर्याय. एकाच शाखेतून पदवीच्या किती वाटा निघतात? 6,40,000. गोंदिया जिल्ह्याच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला प्रत्येकी वेगळी वाट देता येईल, इतक्या. पण प्राध्यापक मोजकेच असले आणि प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय ठेवावे लागले, तर हाच आकडा 512 वर येतो. धोरण तेच आणि पदवीही तीच, तरी साडेबाराशे वाटांपैकी एकच उरते.

ही दरी बुजवायचं साधन मात्र हाताशी आहे. 2017 पासून चालू असलेल्या स्वयम् या सरकारी मंचावरून विद्यापीठाच्या संमतीने 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवता येतात. 160 चे 40 टक्के म्हणजे 64. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारण तीन क्रेडिटचा असतो, म्हणजे असे एकवीस अभ्यासक्रम. आयआयटीतले प्राध्यापक देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या घरात शिकवायला येतात आणि तिथे जायला रेल्वेचा पास लागत नाही.

2021 पासून क्रेडिट बँकही आली आहे. मिळवलेले क्रेडिट तिथे सात वर्षांपर्यंत टिकतात. वडील आजारी पडले, पीक गेलं, पोराला तिसऱ्या वर्षानंतर थांबावं लागलं, तर पूर्वी हातात काही पडत नसे. आता त्याच्या नावावर 120 क्रेडिट राहतात आणि मधूनच बाहेर पडण्याची व परत येण्याची सोय आहे. मुलींसाठी तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना ही पूर्ण माफी आहे. पैशाचा डोंगर बराच उतरला. वेळेचा अजून तसाच आहे.

एवढे तास देऊन माणूस तयार होतो कशासाठी, याचं उत्तर जिल्ह्यातच आहे. तिरोड्याच्या औष्णिक वीजप्रकल्पात 660 मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण 3,300 मेगावॉट. पूर्ण क्षमतेने चालला तर एका तासात 33 लाख युनिट. आणि 4,800 तासांत? 1,584 कोटी. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या 1 कोटी 32 लाख घरांची वर्षभराची वीज.

दुसरं उदाहरण राइस मिलचं. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. समजा एखादी मिल दिवसाला 50 टन धान भरडते आणि कुणा विद्यार्थ्याने रोलरमधली फट आणि धानाचा ओलावा यांचा मेळ घालून तांदळाचा उतारा एका टक्क्याने वाढवला. दिवसाला 500 किलो तांदूळ वाचला, 200 दिवसांत 100 टन. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. परीक्षा हॉलमध्ये चार वर्षांत जेवढे तास जातात, तेवढेच.

म्हणूनच पोरांना सांगणं आहे: पहिल्या सेमिस्टरपासून तासांची वही ठेवा. थिअरीच्या प्रत्येक क्रेडिटचे ते 15 तास कुठे बसतील ते आधी ठरवा आणि 75 टक्के हजेरी हे ध्येय मानू नका.

पण वही ठेवून दिवस मोठा होत नाही. तो मोठा करणं कॉलेज, एसटी, रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांच्याच हातात आहे. गाडीची वेळ कॉलेजच्या वेळेला जुळली आणि एका बाजूला फक्त अर्धा तास वाचला, तर चार वर्षांत 720 तास वाचतात. म्हणजे 24 क्रेडिट. ऑनर्ससाठी जादा लागतात 18 ते 20. एका वेळापत्रकातली दुरुस्ती सालेकशाच्या मुलीला ऑनर्सपुरता वेळ देऊ शकते. गोंदियात होस्टेलची एक खोली याहून जास्त देते, 2,160 पैकी जवळजवळ सगळे. पदवीच्या अटींच्या यादीत हजेरी आहे, क्रेडिट आहेत, ट्रेनिंग आहे. या जिल्ह्यापुरती त्यात मुलींच्या होस्टेलची खोली आणि वेळेवरची गाडीही जोडायला हवी, आणि ती अट पूर्ण करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही.