वाटणी झाली तरी शेती एकत्र

आमच्या आजोबांची सोळा एकर जमीन होती. आजी आधीच वारल्या होत्या. आजोबांच्या पश्चात वारस तीन मुलगे आणि दोन मुली. सूरह अन्-निसाप्रमाणे हिशेब सरळ होता: प्रत्येक मुलाला चार एकर, मुलीला दोन. पण वडीलधारे म्हणाले, "जमिनीचे तुकडे होतील, मुलींनी हक्क सोडावा." दोघी फुफूंनी मुकाट सह्या केल्या. जमीन मात्र भावाभावांत वाटली गेलीच. मग तुकडे मुलींमुळे झाले असते, हे कसे म्हणावे?

ही गोष्ट एका घरची नाही. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर उरली.

शेत आक्रसले, तसे पीकही बदलले. आमच्या मराठवाड्यात पूर्वी ज्वारी, तूर, करडई असायची. वर्षाचे धान्य घरात, कडबा जनावरांना. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन. बियाणे, खत, फवारणी सारे उधारीवर. म्हणून रास होताच माल आडतीवर न्यावा लागतो. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी अनेकांना त्याहून कमी भावात विकावे लागले. भाकरीची ज्वारी मात्र दुकानातून आणायची.

बाजारासाठी पिकवणे वाईट नाही. त्याच पैशांतून मुलांच्या फिया भरल्या जातात. अडचण एकटेपणाची आहे. चार पोती घेऊन गेलेल्याला भाव सांगता येत नाही. नाशिक जिल्ह्यात मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सचे शेतकरी आपापली जमीन राखून द्राक्षे एकत्र विकतात, परदेशीही पाठवतात. जे अनोळखी शेतकऱ्यांना जमते, ते सख्ख्या भावंडांना का जमू नये?

सातबाऱ्यावर नावे वेगळी राहू द्या. खत-बियाण्याची खरेदी, ट्रॅक्टर आणि विक्री एकत्र करा. एखादा एकर ज्वारी-तुरीसाठी ठेवा. उत्पन्न हिश्शाप्रमाणे वाटा.

आमच्या थोरल्या फुफू आता हयात नाहीत. त्यांचे दोन एकर आमच्यावर कर्जच राहिले. वाचक बंधूंनो, वाटणीला बसाल तेव्हा बहिणींना आधी बोलवा. त्यांचा हिस्सा दिल्याने शेत मोडत नाही. मोडते ते एकमेकांपासून तुटल्याने.