चिक्की आणि दातांची कीड: किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली?

लोणावळ्याला गेलेला माणूस सहसा चिक्कीचा पुडा घेतल्याशिवाय परतत नाही. शेंगदाणे आणि गूळ पौष्टिक, म्हणून मुलांना ती देताना फारसा विचारही होत नाही. पण दातांच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच.

दात किडतो कसा?

कीड म्हणजे अळी नव्हे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे कठीण आवरण विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवळते आणि थोडी झीज भरूनही काढते. त्यासाठी अर्धा तास किंवा जास्त वेळ लागतो.

दिवसभर येता-जाता चिक्कीचा तुकडा मोडत राहिले, तर लाळेला ती उसंतच मिळत नाही. त्यात चिक्की दाढांच्या खाचांत अडकून बसते.

काय करावे?

• चिक्की जेवणानंतर, एकाच वेळी खावी. तेव्हा लाळ भरपूर सुटलेली असते. नंतर खळखळून चूळ भरावी.
• सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या टूथपेस्टने दोन मिनिटे ब्रश करावा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये.
• तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.
• दात हलत असेल किंवा त्यात सिमेंट भरले असेल, तर त्या बाजूने कडक चिक्की चावू नये.

दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला का?

नाही. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की ठणका लागतो. नस मेली की तो थांबतो. पण संसर्ग मुळाशी वाढत राहतो आणि पू होतो. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवातीला दातावर फक्त पांढरट डाग दिसतो. तेव्हाच काळजी घेतली तर कीड थांबवता येते. खड्डा पडला की तो भरावाच लागतो. मावळातून पुण्याच्या लोकलने पिंपरीला दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. शिकवणाऱ्या रुग्णालयांत खर्च सहसा कमी असतो.