कशेळीचा जिताडा, अ‍ॅक्रनची नळी

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की बाळकुमनंतर कशेळीचा पूल लागतो. खाली उल्हासची खाडी वसईच्या दिशेने सरकत असते. भिवंडी शहरातून आलेली कामवारी नदीही याच खाडीला मिळते. पुलावरून जाणाऱ्या गाड्या गोदामांकडे धावतात, पाण्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. गळ टाकणाऱ्याचे मात्र जाते. पाणी भरतीचे की ओहोटीचे, उधाण आहे की भांग, हे तो आधी पाहतो. कारण अशा खाडीत ज्याचे नाव काढले की गळकऱ्याचे डोळे चमकतात तो मासा म्हणजे जिताडा.

इंग्रजीत त्याला ‘एशियन सी-बास’ म्हणतात आणि अमेरिकेतल्या तळ्यांतला प्रसिद्ध मासा आहे ‘लार्जमाऊथ बास’. दोघांची कुळे वेगळी, नात्यात फक्त नाव. सवयी मात्र बऱ्याच जुळतात. दोघेही पुलाचा खांब, बुडालेले लाकूड, मुळांचे जाळे अशा आडोशाला दबा धरतात आणि भक्ष्य टप्प्यात येताच जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतात. म्हणूनच बाससाठी तिकडे तयार झालेली मऊ प्लास्टिकची आमिषे जिताड्यालाही भुलवतात.

या आमिषांचा जन्म ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराशी जोडलेला आहे. तिथल्या गुडरिच कंपनीत वाल्डो सेमनने 1926 मध्ये कडक पीव्हीसीला मऊ, लवचिक करण्याची युक्ती शोधली. त्याच शहरात 1949 मध्ये निक क्रीम या यंत्र-कारागिराने घरच्या शेगडीवर प्लास्टिक वितळवून गांडूळ ओतले. पुढे बॉबी गार्लंड या आमिषकाराची ‘गिटझिट’ ही पोकळ नळी गाजली. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला चिरून केलेली झालर. त्या नळीच्या पोटात शिशाचे डोके असलेला गळ सरकवायचा, इतकेच तिचे यंत्र.

ही नळी घरी करता येते. तिचा कच्चा माल प्लास्टिसोल, म्हणजे तेलकट द्रवात मिसळलेली पीव्हीसीची बारीक भुकटी. दुधासारखा पातळ दिसणारा हा द्रव तापला की आधी घट्ट होतो, मग पुन्हा पातळ आणि पारदर्शक. टी-शर्टावरची हाताला रबरी लागणारी छपाई याच जातीच्या शाईची असते. पकडीच्या दांड्यांवरचे लाल आवरणही बुडवूनच चढवलेले असते. नळीची कृती त्याच्या अगदी जवळची.

गुळगुळीत, टोकाला गोल केलेली धातूची कांडी घ्यायची. प्लास्टिसोल साधारण 165 ते 175 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, रंग आणि चमकी मिसळायची. कांडी बुडवून सावकाश वर काढायची, थेंब गळू द्यायचे, भिंत पातळ वाटली तर दुसरी बुडी द्यायची. थंड झाल्यावर तेलाचा हात लावून नळी सोलून काढायची आणि मोकळ्या टोकाकडून धारदार पात्याने बारीक पट्ट्या कापायच्या. घाई इथेच नडते. कांडी भरकन वर काढली तर भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे विरविरीत होते. काहीजण मिश्रणात मीठ घालतात. त्याने वजन वाढते, मासा आमिष जरा जास्त वेळ तोंडात धरतो असाही अनुभव सांगितला जातो. मात्र मीठ जास्त झाले की नळी लवकर फाटते.

धोक्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. 200 अंशांच्या पुढे पीव्हीसी पिवळा पडतो, करपतो, आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळे व घसा जाळतो. त्यामुळे काम हवेशीर जागीच करायचे आणि त्या भांड्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही. गरम मिश्रणात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते अंगावर उडते. ओतीव आमिषासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा वापरणाऱ्यांनी तो आतपर्यंत वाळवलेला असल्याची खात्री करावी, कारण अडकलेला ओलावा वाफ होऊन उसळतो.

आता प्रश्न रंगाचा. अमेरिकेतली नळी बहुधा तिथल्या क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्याची नक्कल असते. आपल्या खाडीत क्रेफिश नाही. इथे कोळंबी आहे, बोय आहे, चिखलावर उड्या मारणारी निवटी आहे. तेव्हा गढूळ पाण्यात उठून दिसणारी, करड्या अंगाची, फिकट पोटाची, आखूड झालरीची नळी इथे जास्त शोभेल. बाहेरची पाकिटे विकत घेण्यापेक्षा घरी करण्यात हेच खरे सुख आहे.

जिताडा साधा मासा नाही. लहानपणी तो नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे सर्वांत मोठे मासे सहसा माद्या असतात, आणि अंडी देणाऱ्या त्या माद्या परत सोडणे खाडीच्या हिताचे. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात आगरी कुटुंबे त्याची पिल्ले पकडून तळ्यांत वाढवत आली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यसंशोधन संस्थेने 1997 मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले.

भिवंडीत मात्र कामवारीतून सांडपाणी आणि रंगाच्या कारखान्यांचे पाणी वाहते. अशा पाण्यात आणखी प्लास्टिक सोडू नये. फाटलेली नळी खिशात ठेवून घरी आणावी. ती पुन्हा वितळते आणि नवी होते. नळ्या मात्र कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नयेत, नळीतले तेल डब्यालाच मऊ करते.

पहिली चाचणी घरीच होते. बादलीभर पाणी घ्यावे, गळ बसवलेली नळी दोरी सैल ठेवून सोडावी. सरळ दगडासारखी तळाला गेली तर गळाचे डोके नळीत थोडे पुढे-मागे सरकवून पाहावे. गोल गोल गिरकी घेत, झालर फुलवत खाली उतरली, तर पुढच्या उधाणाला ती खाडीवर न्यायला हरकत नाही.