न तुटणारा श्वास

भाताची कापणी उरकली, की डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासी पाड्यांवर रात्री तारपा घुमू लागतो. मधे तारपकरी, भोवती एकमेकांना धरून नाचणारी बाया-पुरुषांची रांग. सूर बदलला, की पाऊल बदलते. रांग सापासारखी वेटोळे घालते. पण तारपकऱ्याला पाठ कोणी दाखवत नाही.

वाद्य शेता-रानातल्या जिनसांचे. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. आवाज निघतो तो नळ्यांतल्या पातळ पात्यांच्या थरथरीतून. अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलेला सॅक्सोफोनही पात्यावरच बोलतो. पण जॅझवादकाचे पाते त्याच्या ओठांत असते. जिभेच्या टोकाने तो सूर तोडतो, पुन्हा उचलतो. तारप्याची पाती भोपळ्याच्या पोटात, जिभेच्या आवाक्याबाहेर. म्हणून तारपकरी गालांत हवा धरतो, ती सोडता सोडता नाकाने नवा श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. श्वास अखंड, म्हणून नाच अखंड.

हा अखंडपणा रेघेत उतरवला वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली आणि या मुलाची वाचाच बसली. जे सांगायचे ते तो मातीत रेघा ओढून सांगे. वारल्यांत भिंत लिहिणे हे सवाष्णींचे काम. लग्नघरात गेरूवर तांदळाच्या पिठाने त्या चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसवतात. म्हसे यांनी लग्नाचा मुहूर्त नसतानाही, रोज, चितारायला घेतले. सत्तरच्या दशकारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी हा हात ओळखला. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिस, २००३मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले. इतक्या प्रवासात गंजाडजवळचा आपला राहता कळंबीपाडा त्यांनी सोडला नाही आणि चित्राच्या मध्यावरचा तारपकरीही हलू दिला नाही.

आपण मात्र या एका कलेचे तुकडे केले. चित्र दालनात गेले, नाच सरकारी कार्यक्रमांत, वाद्य काचेच्या कपाटात. वारली चित्र आज चादरींवर आणि स्थानकांच्या भिंतींवर दिसते; पाड्यांवर मात्र अनेक ठिकाणी तारप्याची जागा डीजेने घेतली आहे. लांब मानेचा दुधी, बांबू, ताड जपणारी वाडी आणि फुंक शिकवणारा म्हातारा, दोन्ही असतील तरच तारपा राहील. जव्हारजवळच्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी अशी फुंक आयुष्यभर जपली. नव्वदी ओलांडल्यावर, २०२६मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा मान मोठा आहे. त्याहून मोठी निकड आहे ती शाळकरी पोराच्या हाती तारपा देण्याची.

म्हसे यांचे तारपा-नाचाचे चित्र पुन्हा पाहावे. वेटोळ्याचे आतले टोक तारपकऱ्यापाशी पोहोचलेले असते. बाहेरचे टोक मोकळे असते. नाचातही ते तसेच असते; उशिरा येणाऱ्याला तिथेच हात धरून उभे राहता येते.