धबधबे, बंदी आणि गावकरी

मृग बरसू लागला की शहरवासीयांची पावले सह्याद्रीकडे वळतात. ताम्हिणी, लोणावळा किंवा भिऱ्याजवळचे देवकुंड गाठावे, रानवाट तुडवावी आणि डोहात मनसोक्त डुंबावे, हा मध्यमवर्गाचा वार्षिक रिवाज झाला आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि पाठोपाठ प्रतिबंधक आदेश निघाले. प्रश्न असा की, बंदीने नेमके काय साधते?

सह्याद्रीतील कुंडे प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात कोरलेली असतात. निघोजचे रांजणखळगे याच प्रक्रियेने घडले. त्यांचे काठ उभे व गुळगुळीत असल्याने बुडणाऱ्याच्या हाताला आधार मिळत नाही. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. ते पोहणाऱ्याला नीट तोलून धरत नाही. कुंडावर ऊन असतानाही माथ्यावर सर कोसळली की पाहता पाहता लोंढा येतो. पाण्याचा हा स्वभाव गावच्या गुराख्याला ठाऊक असतो. शहरी पाहुण्याला नसतो.

बंदीचा आदेश या ज्ञानाचा उपयोगच करून घेत नाही. पूर्वी कलम १४४ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ यांखालील असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. हमरस्त्यावर पोलीस उभे राहिले की हौशी मंडळी आडवाट धरतात. वाटाड्याची आणि चहा-भजीवाल्याची मिळकत बुडते, धोका मात्र कायम राहतो. आनंद पाहुण्यांचा, पण कचरा उपसण्याचा आणि प्रेत शोधण्याचा भार गावकऱ्यांचा व स्वयंसेवी पथकांचा, असा हा विषम हिशेब आहे.

साताऱ्याजवळील कास पठारावर स्थानिक गावांच्या समितीमार्फत प्रवेशशुल्क आणि दैनंदिन संख्यामर्यादा अमलात आली. फुलांचे पठार आणि खवळलेला ओढा यांत फरक आहे, हे खरे. म्हणूनच येथे शुल्कातून प्रशिक्षित गावकरी रक्षक नेमावेत, दोर व तरंगकडी ठेवावी आणि माथ्यावर पाऊस दिसताच कुंड बंद करण्याचा अधिकार त्यांनाच द्यावा. अतिवृष्टीच्या दिवशी बंदी अटळच आहे. पण ती पाणी ओळखणाऱ्याने घातलेली असावी. जिल्ह्याच्या ठिकाणी निघालेल्या कागदाला ओढ्याची चाहूल लागत नाही.