कुटुंबाचे दंतआरोग्य : वेळेवर काळजी, आवाक्यातील खर्च

दातांचे विकार हे मनुष्याला जडणाऱ्या सर्वांत सामान्य विकारांपैकी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. असे असूनही सामान्य कुटुंबाच्या औषधोपचाराच्या यादीत दाताचे स्थान शेवटचे असते. ताप आला की दवाखाना गाठला जातो. दाढ ठणकू लागली की मात्र लवंगेचे तेल लावून रात्र काढली जाते. दंतोपचार महाग असतात म्हणून ते लांबणीवर टाकले जातात आणि लांबणीवर टाकल्यामुळेच ते महाग होतात. हे दुष्टचक्र कोठे तोडता येते हे समजून घेतले, तर बेताच्या मिळकतीच्या कुटुंबालाही आपले दात राखता येतील.

कीड म्हणजे काय?

दाताला ‘कीड लागली’ असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी दातात कोणताही किडा नसतो. जत्रेत अथवा रस्त्याच्या कडेला दातातून किडे काढून दाखविणे ही निव्वळ हातचलाखी होय. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू वाढतात. अन्नातील साखरेपासून ते आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताच्या पृष्ठभागावरील खनिजे विरघळविते. लाळेमुळे हे आम्ल हळूहळू निष्प्रभ होते व गेलेली खनिजे काही अंशी परत मिळतात. झीज आणि भरपाई यांचा हा व्यवहार दिवसभर चालू असतो. झीज भरपाईपेक्षा अधिक होऊ लागली की दात किडतो.

दाताचे बाहेरील आवरण म्हणजे एनॅमल अथवा दंतवल्क. हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी त्यात मज्जातंतू नसतात. त्यामुळे कीड या आवरणात असेपर्यंत काहीही दुखत नाही. कीड आतील थरात पोहोचली की थंड अथवा गोड पदार्थाने कळ येते आणि ती दाताच्या गाभ्यापर्यंत गेली की रात्रीची झोप उडते. म्हणजेच दात दुखू लागतो तेव्हा आजाराची सुरुवात झालेली नसते, तो बराच पुढे गेलेला असतो.

एकच दात, चार प्रकारचे खर्च

किडीच्या प्रत्येक अवस्थेचा उपचार वेगळा आणि खर्चही वेगळा असतो. अगदी आरंभी दातावर केवळ पांढरट डाग दिसतो. या वेळी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा नियमित वापर आणि गोड खाण्यावर नियंत्रण एवढ्याने कीड थांबू शकते. खड्डा पडल्यावर दात स्वच्छ करून भरावा लागतो. हे काम बहुधा एकाच भेटीत होते. कीड गाभ्यापर्यंत गेल्यावर रूट कॅनल उपचार करावे लागतात. त्यासाठी बऱ्याचदा एकाहून अधिक खेपा घालाव्या लागतात, क्ष-किरण छायाचित्रे घ्यावी लागतात आणि दाढेवर शेवटी टोपी बसवावी लागते. दात वाचविण्यापलीकडे गेला, तर तो काढावा लागतो.

दात काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. परंतु तेथे खर्च संपत नाही. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो आणि चावण्याचा भार उरलेल्या दातांवर पडतो. पुढे कृत्रिम दात अथवा कवळी बसविण्याचा प्रश्न उभा राहतो. शिवाय रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या प्रत्येक खेपेत प्रवासभाड्याबरोबर दिवसाची मजुरीही जाते. हा खर्च दवाखान्याच्या बिलात दिसत नाही, पण कुटुंबाला तो सोसावाच लागतो.

किती गोड यापेक्षा किती वेळा

प्रत्येक वेळी गोड खाल्ल्यानंतर सुमारे अर्धा तास तोंडात आम्लाचा प्रभाव राहतो. जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडे थोडे चघळलेले गोड दातांना अधिक घातक ठरते. साखरेचा चहा, बिस्किटे, गोळ्या, शीतपेये असे दिवसातून सहा वेळा झाले, तर दात जवळजवळ तीन तास आम्लाच्या माऱ्यात राहतात. गूळ आणि मध यांतही साखरच असते; दातांच्या दृष्टीने ते निर्धोक नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार आहारातील एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा अशा साखरेतून मिळावी. ती ५ टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. २,००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या व्यक्तीसाठी १० टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, अर्थात साधारणतः १२ चहाचे चमचे. मुलांच्या हाती रोज दिले जाणारे गोळ्या-बिस्किटांचे पैसे शेंगदाणे, फुटाणे अथवा फळे यांकडे वळविले, तर दात आणि पोषण दोहोंचाही लाभ होतो.

रोजची निगा

दंतरक्षणाची मुख्य साधने महाग नाहीत. मऊ केसांचा ब्रश आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट एवढे पुरेसे आहे. ब्रश प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि केस पसरताच, साधारणतः तीन महिन्यांनी, तो बदलावा. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी असे दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे दात घासावेत. यांपैकी रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण मंदावते. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, परंतु लगेच खळखळून चुळा भरू नयेत. त्यामुळे दातांवरील फ्लोराइड वाहून जाते.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड अथवा जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसतात, पण त्यांच्या खरखरीतपणाने दंतवल्क झिजते आणि झिजलेले दंतवल्क पुन्हा तयार होत नाही. कडुनिंब वा बाभळीच्या दातवणाने दातांवरील थर काही प्रमाणात निघतो. मात्र त्यातून फ्लोराइड मिळत नाही.

तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलांनी ती गिळू नये याकडे लक्ष द्यावे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. दात घडत असण्याच्या वयात असे पाणी प्यायल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकार्य मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अशा भागात प्रथम पाण्याची तपासणी करून पर्यायी स्रोत शोधणे आवश्यक ठरते.

सहाव्या वर्षाची दाढ

बाळाचा पहिला दात सर्वसाधारणपणे सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत २० दुधाचे दात पूर्ण होतात. ‘हे दात पडणारच आहेत’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः दुधाचा दात मागून येणाऱ्या कायम दाताची जागा राखून ठेवतो. तो अकाली गेला, तर कायमचे दात वेडेवाकडे येण्याचा संभव वाढतो. दूध वा गोड पेयाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपविण्याची सवय पुढच्या दातांना विशेष घातक असते.

पालकांची सर्वांत मोठी चूक सहाव्या वर्षी होते. या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती दुधाचीच समजली जाते. प्रत्यक्षात ती कायमची दाढ असते आणि आयुष्यभराच्या चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो. तिच्या पृष्ठभागावरील खोल खाचांत अन्न अडकून ती लवकर किडते. या खाचा वेळीच बुजविण्याचा सोपा उपचार उपलब्ध आहे. मूल पहिलीत गेले की त्याचे तोंड उजेडात उघडून ही दाढ आली का, हे प्रत्येक आईवडिलांनी पाहावे.

हिरड्या आणि मिश्री

दात घासताना हिरड्यांतून रक्त येते म्हणून अनेक जण घासणे थांबवितात. हा उपाय उलटा आहे. रक्त येणे ही हिरड्यांना सूज असल्याची खूण असून साचलेला थर न निघाल्याने ती आलेली असते. हा थर कडक झाल्यावर ब्रशने निघत नाही. तो दंतवैद्याकडून काढून घ्यावा लागतो. ‘दात साफ केल्याने ते हलू लागतात’ ही समजूत चुकीची आहे. दात हलतात ते हिरडीखालचे हाड झिजल्यामुळे. मधुमेह आटोक्यात नसल्यास हा विकार बळावतो आणि हिरड्यांच्या विकाराने मधुमेह आवरणे कठीण होते. यास्तव मधुमेही व्यक्तींनी दातांची तपासणी चुकवू नये.

तवा तापवून त्यावर तंबाखू भाजायची आणि तिची पूड करून दातांना लावायची, ही मिश्रीची सवय महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मिश्री हे दंतमंजन नव्हे, ते तंबाखूचे व्यसन आहे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तर महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा दिसणे, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम असणे किंवा तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुखण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

घरातील शेवटचा रुग्ण

कुटुंबात मुलांचे दात निदान पाहिले जातात. घरातील स्त्री मात्र आपले दुखणे अंगावर काढते. गरोदरपणी दातांतील कॅल्शियम बाळाकडे जाते, त्यामुळे दात जाणारच, असे मानण्यास आधार नाही. या काळात हिरड्यांची सूज वाढते, एवढे खरे. आवश्यक दंतोपचार गरोदरपणातही करता येतात आणि मधले तीन महिने त्यासाठी अधिक सोयीचे असतात. मात्र आपण गरोदर आहोत हे दंतवैद्याला प्रथम सांगावे. वृद्धांचे दात पडणे हाही वयाचा अटळ परिणाम नसून बहुधा दीर्घकाळच्या दुर्लक्षाचा परिणाम असतो. वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, ही भीतीदेखील निराधार आहे.

उपचार कोठे मिळतात?

जिल्हा रुग्णालये, तसेच अनेक उपजिल्हा व काही ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक उपलब्ध असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्याचा निर्णय झाला. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये असून मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. तेथे वेळ अधिक लागतो. परंतु खासगी दवाखान्याच्या तुलनेने खर्च बराच कमी येतो. खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही अनेकदा सवलतीचे दर असतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचा समावेश आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करावयाची, अशी त्याची रचना आहे. या तपासणीनंतर मिळालेली संदर्भ चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नये. विमाधारक कामगारांच्या कुटुंबीयांना राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांतून दंतसेवा घेता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना यांचा भर मात्र रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. मुखाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी त्यांचा आधार मिळतो, परंतु नेहमीचे दात भरणे अथवा कवळी यांसाठी त्यांवर विसंबता येत नाही. खासगी आरोग्य विम्यातही साधे दंतोपचार बहुधा वगळलेले असतात. पॉलिसी घेतानाच ही अट वाचावी.

खर्च कमी व्हावा म्हणून नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून दात भरून वा बसवून घेणे धोक्याचे आहे. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने आपल्या देशात दंतवैद्यांच्या नोंदणीची पद्धत सुरू केली. दवाखान्यात नोंदणी क्रमांक पाहणे, तसेच उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाबद्दल विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

खर्चाचा क्रम कसा लावावा?

घरात एकाहून अधिक व्यक्तींच्या दातांचे काम निघाले असेल आणि पैसा मर्यादित असेल, तर दंतवैद्याकडून उपचारांची यादी व प्रत्येकाचा अंदाजे खर्च लिहून घ्यावा. वेदना, पू आणि सूज यांवरील उपचार प्रथम करावेत. त्यानंतर भरून वाचविता येतील असे दात घ्यावेत, कारण तेथे केलेला थोडा खर्च पुढचा मोठा खर्च टाळतो. कृत्रिम दात त्यानंतर आणि केवळ शोभेचे उपचार सर्वांत शेवटी ठेवावेत. ज्या मुलांचे दात लगेच भरता येत नाहीत, त्यांची कीड सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून थोपविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. किडलेला भाग त्याने काळा पडतो, पण दात वाचतो.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. गाल वा जबड्याखाली सूज येऊन ताप भरला, तोंड उघडणे वा गिळणे कठीण झाले, तर ती तातडीची अवस्था होय. अशा वेळी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून दिवस ढकलू नयेत; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवल्याने हिरडी भाजते व दुखण्यात भर पडते.

वर्षातून एकदा, शक्यतो शाळेच्या सुट्टीत, मुले, आईवडील आणि आजीआजोबा अशा सर्वांची दंततपासणी एकाच खेपेत करून घेण्याचा प्रघात प्रत्येक घराने पाडावा. त्या दिवशी कोणाचाच दात दुखत नसेल, तर खेप वाया गेली असे समजू नये. कमी खर्चात दात वाचविता येतो तो नेमका याच वेळी.