नातिचरामि (विवाहवचन)

नातिचरामि हे हिंदू विवाहविधीतील एक संस्कृत प्रतिज्ञावचन आहे. महाराष्ट्रात कन्यादानाच्या वेळी वर ते उच्चारतो. धर्म, अर्थ आणि काम या तीन पुरुषार्थांच्या बाबतीत आपण पत्नीला डावलून वागणार नाही, असा त्याचा आशय आहे. लॅटिन ही संस्कृतप्रमाणेच इंडो-युरोपीय कुळातील भाषा असली, तरी या एका शब्दाचे लॅटिन भाषांतर शब्दशः करता येत नाही.

विधीतील स्थान

कन्यादान करताना वधूचा पिता वराला हिचे अतिक्रमण करू नकोस, असे सांगतो. त्यावर वर ‘नातिचरामि’ असे उत्तर देतो. चौथा पुरुषार्थ मोक्ष याचा या वचनात समावेश नाही. हे वचन सप्तपदीहून वेगळे आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, ज्या विधीत सप्तपदीचा समावेश असतो तेथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. नातिचरामि या वचनाचा उल्लेख त्या कलमात नाही.

व्युत्पत्ती

न + अति + चरामि अशी या शब्दाची फोड होते. ‘अति’ म्हणजे पलीकडे आणि ‘चर्’ म्हणजे चालणे किंवा वागणे. त्यामुळे ‘अतिचर्’ या क्रियापदाला मर्यादा ओलांडणे, एकनिष्ठ न राहणे असा अर्थ येतो. रूप वर्तमानकाळी, उत्तमपुरुषी एकवचनी आहे.

या तिन्ही घटकांची सगोत्र रूपे लॅटिनमध्ये आढळतात. ‘न’ चे ‘ने’, ‘अति’ चे ‘एत’ आणि ‘चर्’ चे ‘कोलो’. मात्र ‘एत’ चा अर्थ ‘आणि’ असा झाला, तर ‘कोलो’ चा अर्थ शेत कसणे, जोपासणे असा झाला. त्यामुळे सगोत्र शब्द जोडून मूळ अर्थ मिळत नाही.

लॅटिन भाषांतर

ओलांडणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘त्रान्सग्रेदी’ प्रामुख्याने नदी किंवा पर्वत ओलांडण्यासाठी वापरले जात असे. वचनभंगासाठी ‘फिदेम फाल्लेरे’ हा रूढ वाक्प्रचार होता. ‘फिदेस’ म्हणजे निष्ठा किंवा दिलेला शब्द. त्यानुसार ‘फिदेम नोन फाल्लाम’, म्हणजे ‘मी निष्ठा मोडणार नाही’, हे आशयाला जवळचे भाषांतर ठरते. संस्कृतातील वर्तमानकाळाच्या जागी येथे भविष्यकाळ येतो.

पुरुषार्थांचे भाषांतर अधिक कठीण आहे. अर्थासाठी ‘रेस फामिलियारिस’ (घरची मालमत्ता) आणि कामासाठी ‘आमोर’ हे शब्द जवळचे आहेत. धर्मासाठी ‘ओफ्फिकियुम’ (कर्तव्य) हा शब्द वापरता येतो; परंतु त्यात धर्माची पूर्ण व्याप्ती येत नाही.

लिंगभेद

‘सदैव तुझा’ आणि ‘सदैव तुझी’ यांसाठी लॅटिनमध्ये अनुक्रमे ‘सेम्पेर तुउस’ आणि ‘सेम्पेर तुआ’ अशी रूपे आहेत. मराठीप्रमाणेच ती बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलतात. त्यामुळे अंगठीवर असे वचन कोरताना ते कोणाच्या तोंडी आहे, हे आधी ठरवावे लागते. ‘नातिचरामि’ आणि ‘फिदेम नोन फाल्लाम’ यांत लिंग व्यक्त होत नाही. परंपरेने हे वचन वर देत असला, तरी व्याकरणदृष्ट्या वधूही तेच शब्द जसेच्या तसे उच्चारू शकते.

रोमन विवाहवचन

प्राचीन रोममध्ये ‘उबि तू गायुस, एगो गाया’, म्हणजे ‘जेथे तू गायुस, तेथे मी गाया’, असे वचन वधू उच्चारत असे. प्लुटार्कने आपल्या ‘रोमन प्रश्न’ या ग्रीक ग्रंथात या प्रथेची चर्चा केली आहे. वधूवरांची खरी नावे कोणतीही असली, तरी वचनात हीच नावे येत. उजवे हात एकमेकांच्या हाती देण्याची, पाणिग्रहणाशी साम्य असलेली ‘देक्स्त्रारुम युंक्तिओ’ ही प्रथाही तेथे होती. गुंफलेल्या दोन हातांची आकृती रोमन अंगठ्यांवर कोरलेली आढळते.